पुलावरचे गुडघाभर पाणी

हिंगणघाटात ऊन पडलेले असते आणि वणा नदी मात्र फुगत असते. पावसाळ्यात इथल्या माणसांना हे नवे नाही. वणेचे पाणी येते ते वरून, नागपूर जिल्ह्यातून. तिकडे रात्रभर पाऊस कोसळला, नांद आणि वडगाव ही धरणे भरून दरवाजे उघडावे लागले, की काही तासांनी इकडचा काठ पाण्याखाली जातो. 'आमच्याकडे तर पाऊसच नव्हता' असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यासाठी.

जुलै 2022 मध्ये वणेचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरले आणि अनेक कुटुंबांना घर सोडावे लागले. पण मोठ्या नदीच्या पुराकडे निदान सगळ्यांचे लक्ष असते. पोलिस येतात, बचाव पथक येते, भोंगा वाजतो. गाव आणि शेत यांच्या मधल्या नाल्याकडे कोणी पाहत नाही. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून मजूर पलीकडे जातात आणि संध्याकाळी परतताना तोच नाला बैलबंडीसकट माणसे ओढून नेतो. विदर्भात असा पावसाळा जात नाही, की ज्यात ही बातमी येत नाही.

पाऊस पडल्यापासून साधारण सहा तासांच्या आत जो पूर येतो, त्याला शास्त्रज्ञ आकस्मिक पूर म्हणतात. त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. एखाद्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र 100 चौरस किलोमीटर असेल आणि तिथे 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर 1,000 कोटी लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे 10 लाख टँकर! त्यातले निम्मे जिरले, तरी उरलेले सगळे त्या एका नाल्यातून जाणार असते. आपल्या काळ्या मातीत तर ते पुरते जिरतही नाही. उन्हाळ्यात भेगाळलेली ही माती पहिल्या पावसात भरपूर पाणी पिते, पण एकदा भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि वरचे पाणी खाली जायला वाट उरत नाही. म्हणून जूनमधला जो पाऊस शेताने पचवला, तेवढाच पाऊस ऑगस्टमध्ये पूर आणू शकतो.

माणूस पाण्याची खोली पाहतो, पण मारतो तो वेग. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. वेगाने वाहणारे 15 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नसलेले पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते. 30 सेंटिमीटर पाण्यात लहान मोटारी तरंगू लागतात आणि 60 सेंटिमीटरमध्ये जीपसारखी वाहनेही वाहून जातात. वाहन आतून पोकळ असते. ते जितके बुडते, तितके पाणी त्याला वर उचलते आणि चाकांची पकड सुटते. शिवाय गढूळ पाण्याखालचा पूल शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. 28 सप्टेंबर 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटीची बस वाहून गेली, तीही पुलावरून पाणी जात असतानाच.

आपल्याच खोऱ्यातली आठवण याहून भयंकर आहे. 30 जुलै 1991 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या मोवाड गावात वर्धा नदी शिरली आणि 204 माणसे गेली. वणा ज्या वर्धा नदीला मिळते, तीच ही नदी. पुढारलेले देशही यातून सुटलेले नाहीत. जुलै 2025 मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ग्वाडलूप नदीचे पाणी पहाटेच्या अंधारात तासाभरात कित्येक मीटर चढले आणि त्या पुरात शंभराहून जास्त माणसे दगावली. तिथे हवामान खात्याने इशारे दिले होते, पण झोपलेल्या माणसांपर्यंत ते वेळेवर पोहोचले नाहीत.

इशारा आपल्याकडेही मिळतो. भारतीय हवामान विभाग 2020 पासून आकस्मिक पुराची सूचना काही तास आधी देतो आणि ती जिल्हा प्रशासनापर्यंत येते. मोबाइलवर संदेशही वाजतो. प्रश्न आहे तो नाल्याच्या काठावरच्या शेवटच्या शंभर पावलांचा.

'पूर असताना पूल ओलांडू नका' एवढे सांगून आपण मोकळे होतो आणि कोणी वाहून गेले की त्याच्या धाडसाला दोष देतो. हे बरोबर नाही. पलीकडे घरी लेकरू वाट पाहत असते, गोठ्यात जनावर बांधलेले असते, बंडीत आजारी माणूस असते. अशा वेळी निर्णय एकट्या माणसावर सोडला, तर तो पाण्यात पाय घालणारच. रेल्वे फाटकावर आपण हा निर्णय प्रवाशावर सोडत नाही. फाटक पडते आणि सगळे थांबतात. दरवर्षी बुडणाऱ्या प्रत्येक ठेंगण्या पुलावर पावसाळ्यापुरते फाटक, पाण्याची पातळी दाखवणारा रंगीत खांब आणि गावातलाच एक नेमलेला माणूस का असू नये? पलीकडे अडकलेल्यांसाठी शाळेची किंवा समाजमंदिराची खोली उघडी का नसावी? आपत्तीत मृत्यू झाल्यास वारसांना 4 लाखांची मदत मिळते. त्याहून कितीतरी कमी पैशांत एका पुलाचा पावसाळा सांभाळता येईल. गोवर किंवा हिवतापाने माणसे मरू नयेत म्हणून आपण यंत्रणा उभी केली. बुडून होणारे मृत्यूही त्याच यादीत हवेत. 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि कोणी वाहून जाताना दिसलेच, तर मागोमाग उडी टाकू नये. वाचवायला गेलेलाही बुडतो. दोर, फुगवलेली ट्यूब, रिकामा झाकणबंद कॅन फेकावा आणि 112 किंवा 108 वर फोन करावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार थांबायला हवेत. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणून माणूस श्वास घेत नसेल, तर आधी तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध 30 वेळा जोराने दाबून पुन्हा दोन श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. शुद्धीवर आला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. हे शिकायला एक दुपार पुरते आणि प्रत्येक नदीकाठच्या गावात ते येणारी दहा-बारा माणसे असायला हवीत.

पोळ्याच्या आधी बैल धुवायला आपण नदीवर जाऊच, गणपतीही तिथेच नेऊ. नदीशी नाते तोडा, असे कोणी म्हणत नाही. मात्र येत्या ग्रामसभेत एक विषय मांडा: आपल्या गावातले कोणते पूल दरवर्षी बुडतात आणि त्या वेळी तिथे कोण उभे असेल? त्या माणसाचे नाव पावसाळ्याआधी ठरले, तर संध्याकाळी शेतातून निघालेला मजूर नाल्यापाशी थांबेल आणि सकाळी पाणी ओसरल्यावर घरी येईल.