आयर्लंडच्या मराठी रहिवाशांना जाहीर आवाहन: पहिल्या पसंतीवर थांबू नका



आयर्लंडमध्ये काउंटी किंवा सिटी कौन्सिलच्या निवडणुकीत मत द्यायला आयरिश नागरिकत्व लागत नाही. वय १८ पूर्ण आणि राहणं इथलं, एवढ्यावर मतदारयादीत नाव लागतं. पासपोर्ट कुठल्या देशाचा, हे आड येत नाही. हा नियम १९६३ पासूनचा आहे. १९७४ पासून परदेशी नागरिकाला उमेदवार म्हणून उभंही राहता येतं. तरी ब्लँचर्ड्सटाउनपासून कॉर्कपर्यंत कुठल्याही मराठी घरात विषय काढा, उत्तर ठरलेलं: "आम्ही अजून सिटिझन कुठे झालोय?"

हे पत्र त्या उत्तरासाठी आहे. भारताचा पासपोर्ट सोडायचा की नाही, हा घराघरातला नाजूक प्रश्न. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून इथे घर घेतलेले, मुलांना इथल्याच शाळेत वाढवलेले कित्येक जण अर्ज करायचं पुढे ढकलत राहतात. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. कौन्सिलच्या मताचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि त्या मताला इथे काय किंमत आहे, हे समजून घ्यायचं तर भाषणं ऐकण्यापेक्षा निकाल वाचावेत.

७ जून २०२४ चा निकाल घ्या. ३१ कौन्सिलं, ९४९ जागा. फिने गेल पक्षाला मतं सुमारे २३ टक्के, जागा २४५. फिअना फॉलची मतं जवळपास तेवढीच, जागा २४८. शिन फेनला सुमारे १२ टक्के मतं आणि १०२ जागा. उरलेल्या जागा लेबर, सोशल डेमोक्रॅट्स, ग्रीन्स, इतर छोटे पक्ष आणि ढीगभर अपक्षांत वाटल्या गेल्या. मतांचा वाटा आणि जागांचा वाटा यांत फार अंतर पडलं नाही. त्यानंतर महिन्याभरातच शेजारच्या ब्रिटनमध्ये लेबर पक्षाने ३४ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन संसदेच्या ६५० पैकी ४११ जागा नेल्या. आपण भारतात ज्या पद्धतीत वाढलो ती ब्रिटनवालीच: सगळ्यांत जास्त मतं ज्याची, जागा त्याची, बाकीच्यांनी घरी जावं. त्यामुळे "आपली चार मतं असली काय, नसली काय" हा विचार आपल्या अंगवळणी पडला आहे. आयर्लंडच्या कौन्सिलला तो लागू पडत नाही.

इथली पद्धत एकल संक्रमणीय मताची. नाव जड आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. जून २०२२ मध्ये रात्र जागून ज्यांनी महाराष्ट्रातल्या राज्यसभेच्या सहाव्या जागेचा निकाल पाहिला, त्यांना आठवत असेल: पहिल्या पसंतीच्या मतांत संजय पवार पुढे होते आणि निवडून आले धनंजय महाडिक, दुसऱ्या पसंतीच्या मतांवर. तेव्हा प्रत्येक चॅनेलवर कोटा, पसंतीक्रम, अतिरिक्त मतं हेच शब्द चालले होते. पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांनी तर १, २, ३ असे आकडे स्वतःच्या हाताने लिहिलेले आहेत. राज्यसभेच्या वेळी ते गणित आमदारांच्या हातात होतं. इथे ते तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाच्या हातात आहे.

थोडक्यात सांगतो. तुमच्या भागातून साधारण पाच ते सात कौन्सिलर निवडून जातात, पण तुम्हाला मत एकच. (पुण्यात २०१७ साली बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, पण तिथे मतंही चार होती, म्हणून एकाच पक्षाचं अख्खं पॅनेल येऊ शकायचं. एकाच मतामुळे इथे ते जवळपास अशक्य होतं.) त्या एका मतपत्रिकेवर आवडीच्या क्रमाने आकडे लिहायचे. समजा सहा जागा आहेत आणि १०,००० वैध मतं पडली. जागांमध्ये एक मिळवून सात. दहा हजारांना सातने भागून, अपूर्णांक सोडून, त्यात एक मिळवला की १,४२९. हा झाला कोटा. तो गाठला की उमेदवार निवडून आला. त्याची कोट्यावरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीच कोटा गाठत नसेल तर तळाचा उमेदवार शर्यतीतून बाहेर पडतो आणि त्याचा प्रत्येक कागद उघडून पाहिला जातो: दुसरा आकडा कोणाला? ती व्यक्ती आधीच आली किंवा गेली असेल तर तिसरा कोणाला? अशा आठ, दहा, बारा फेऱ्या चालतात.

आता आकड्यांकडे नीट पाहा. अख्ख्या भागातून निवडून यायला चौदाशे-पंधराशे मतं पुरतात, तीही सगळी पहिल्या पसंतीची लागत नाहीत. शेवटच्या जागेवर तर पुष्कळदा कोटा न गाठताच उमेदवार निवडून येतो, कारण तोवर कागदच संपलेले असतात. निकालाच्या तक्त्यात 'नॉन-ट्रान्सफरेबल' अशी एक ओळ असते. पुढची पसंती लिहिलीच नव्हती म्हणून जी मतं कोणाच्याच कामी आली नाहीत, ती तिथे जाऊन पडतात. फेरीगणिक ही ओळ फुगत जाते. माझी पहिली विनंती एवढीच की, कौन्सिलच्या संकेतस्थळावर तुमच्या भागाचा २०२४ चा तक्ता उघडा आणि शेवटची फेरी वाचा. सहावा आलेला आणि सातवा राहिलेला यांत किती अंतर होतं, आणि त्या ओळीत किती मतं पडून होती? दोन आकडे शेजारी ठेवलेत की पुढचं पत्र वाचलं नाही तरी चालेल.

मोजणी इथे हाताने होते. या शतकाच्या सुरुवातीला सरकारने साडेसात हजारांच्या आसपास मतदानयंत्रं आणली, पाच कोटी युरोंहून जास्त खर्च केला, लोकांचा विश्वास बसला नाही, आणि २०१२ मध्ये ती भंगारात काढली. ईव्हीएमवरून घरोघरी वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही मोजणी एकदा तरी बघावी. उमेदवाराकडून पास मिळाला तर आत जाता येतं. पेट्या उघडल्या की कठड्यावर ओणवे झालेले पक्षांचे टॅलीवाले सरळ होणाऱ्या प्रत्येक कागदावरची पहिली पसंती टिपत जातात, आणि दुपारपर्यंत सगळ्या भागाचा अंदाज त्यांच्या वहीत तयार असतो. कुठल्या मतदानकेंद्राच्या पेटीतून कोणाला किती, हेही त्यांना कळतं. तुमच्या वसाहतीतून मतदान झालं की नाही, हे त्या वहीत दिसतं. पुढच्या वेळी कोणाची दारं वाजवायची, हे तिच्यावरूनच ठरतं. आपली दारं फारशी का वाजत नाहीत, याचं कारणही तिथेच मिळेल.

छोट्या गटांना जागा मिळावी हा या पद्धतीचा मूळ हेतूच होता. आयर्लंडमध्ये कौन्सिलसाठी ती पहिल्यांदा वापरली गेली स्लायगो शहरात, जानेवारी १९१९ मध्ये. शहराची तिजोरी रिकामी, करदाते हैराण, आणि अल्पसंख्य प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांना आपला आवाज बुडण्याची धास्ती. २४ जागांच्या त्या निकालात कोणालाच बहुमत मिळालं नाही, आणि ते चाललं. पुढे संसदेच्या निवडणुकीतून ही पद्धत काढून टाकण्यासाठी १९५९ आणि १९६८ मध्ये दोनदा सार्वमत घेतलं गेलं; दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं.

लिओ वराडकर यांचं नाव निघाल्याशिवाय मराठी माणसांत इथल्या राजकारणाची चर्चा संपत नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावचं घराणं, २०१७ मध्ये पंतप्रधान, डिसेंबर २०१९ मध्ये गावाला भेट. हे सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या कौन्सिलच्या आकड्यांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. १९९९ मध्ये वैद्यकीचे विद्यार्थी असताना ते पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा त्यांना पहिल्या पसंतीची ३८० मतं मिळाली आणि ते पडले. २००३ मध्ये रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांची फिंगल काउंटी कौन्सिलवर नेमणूक झाली. २००४ मध्ये कॅसलनॉकमधून ४,८९४ मतं, त्या निवडणुकीतली देशातली सर्वाधिक. त्याच २००४ साली पोर्टलीशमध्ये रोटिमी अदेबारी नगर कौन्सिलवर निवडून आले. नायजेरियातून आश्रय मागत हा माणूस आयर्लंडला आला तो २००० साली, आणि २००७ मध्ये गावाचा महापौर झाला. २०२४ मध्ये टॅलामधून केरळचे बेबी पेरेप्पाडन आणि त्यांचा मुलगा ब्रिटो, दोघंही एकाच वेळी निवडून आले, आणि त्याच महिन्यात वडील साउथ डब्लिनचे महापौर झाले. यात कुठल्या पक्षाची भलावण नाही. दार उघडं आहे, एवढंच दाखवायचं आहे.

पण यातून निघणाऱ्या एका निष्कर्षापासून मी तुम्हाला हात जोडून लांब ठेवू इच्छितो. निवडणूक आली की व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतो: आपला माणूस उभा आहे, त्याला एक नंबर द्या आणि बाकी कोणाला काही देऊ नका. आपला माणूस चांगला असेल तर पहिली पसंती जरूर द्या. आडनाव ओळखीचं वाटणं हा मात्र कौन्सिलर होण्याचा गुण नव्हे. बस थांब्यावर छप्पर नाही म्हणून तीन वर्षं पत्रं लिहिणारी आयरिश शेजारीण अधिक लायक असू शकते. आणि एक नंबर देऊन थांबणं हा या पद्धतीतला निव्वळ तोटा आहे. पुढच्या पसंतीमुळे पहिलीला धक्का लागत नाही. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा आकडा कोणी विचारातही घेत नाही. "दुसरं मत दिलं तर आपल्याच माणसाविरुद्ध जाईल" हे साफ चूक आहे.

खरं बळ तर त्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यात आहे. आपण विखुरलेले आहोत. २०२२ च्या जनगणनेत भारतीय नागरिक सुमारे ४५ हजार निघाले. त्यांत मराठी किती, याचा अंदाज तुम्हीच करा. एकगठ्ठा मतांनी एखादा उमेदवार आणण्याएवढी संख्या कुठल्याच भागात नाही आणि तशी असावी, असंही मला वाटत नाही. पण भागातल्या पंधरा-वीस उमेदवारांपैकी बहुतेकांना शेवटच्या फेरीपर्यंत टिकायला दुसऱ्यांच्या पसंती लागतात. म्हणून इथला उमेदवार दारात येतो तेव्हा "एक नंबर नाही, तर निदान दोन किंवा तीन द्या" असं तोंडाने मागतो. त्या क्षणी त्याला विचारायला तुमच्याकडे प्रश्न हवेत. कम्युनिटी सेंटरचा हॉल मिळण्याचे नियम काय? लायब्ररीत मराठी पुस्तकांचं एक कपाट होईल का? नव्या वसाहतीतला फुटपाथ अर्धाच का सोडला आहे?

आणि प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, १ ऑगस्टला दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली, फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. पोलीस कौन्सिलच्या हाताखाली नाहीत, हे खरं आहे. आयरिश कौन्सिलर हा आपल्याकडच्या वजनदार नगरसेवकासारखा नसतोच. बरीच सत्ता कौन्सिलच्या मुख्याधिकाऱ्याकडे असते. पाणी, शाळा यांतलं काही कौन्सिलरकडे नाही. घरबांधणी, विकास आराखडा, रस्ते, दिवे, बागा, खेळाची मैदानं आणि मालमत्ताकराचा स्थानिक दर एवढ्यात त्याचं म्हणणं चालतं. पण संध्याकाळी कुठल्या वाटेवर अंधार असतो आणि तिथे दिवा कधी लागेल, हे त्याच यादीत येतं.

आता करायचं काय, ते सांगतो. नावनोंदणी वर्षभर चालू असते आणि ऑनलाइन होते. पीपीएस क्रमांक, जन्मतारीख आणि एअरकोड जवळ ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे. यादीत तुमच्या नावापुढे 'एल' अक्षर दिसेल, म्हणजे फक्त स्थानिक निवडणूक. पुढे आयरिश नागरिकत्व घेतलंत तर यादीतली नोंदही बदलून घ्या, ती आपोआप बदलत नाही. समारंभाचे फोटो काढून झाल्यावर हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. भाड्याची घरं बदलणाऱ्यांनी दर वेळी पत्ता बदलावा. आपल्यातले बहुतेक जण यादीतून गळतात ते इथेच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आधीच नाव नोंदवून ठेवता येतं, त्यांना शेजारी बसवून हे करा. मतदानाला जाताना ओळखपत्र न्या. मतपत्रिकेवर आकडे इंग्रजी लिहा. सवयीने देवनागरी १ काढून मोजणीच्या टेबलावर वाद उभा करू नका. फुली किंवा बरोबरची खूण नको. आणि हात थांबेपर्यंत लिहीत जा: ज्यांच्याबद्दल काही बरं माहीत आहे त्या सगळ्यांना आकडा, जे डोक्यात जातात त्यांच्यासमोर मोकळी जागा.

शेवटची गोष्ट तिकिटांची. पुढची कौन्सिल निवडणूक २०२९ मध्ये, आणि मतदान कायद्याने मे किंवा जूनमध्येच होतं. नेमके तेच दिवस आपण आंबे आणि आजी-आजोबांसाठी भारतात जातो. टपालाने मत देण्याची सोय इथे ठरावीक कारणांसाठीच आहे; सुट्टी त्यांत येत नाही. तेव्हा त्या वर्षी विमानाचं बुकिंग करण्याआधी मतदानाची तारीख बघून घ्या.

आपला,
डब्लिन १५ मधला एक मराठी मतदार