पोरांच्या हातात ड्रिल आलं, पण डोळ्यावर चष्मा आहे का?

रेणापूर : सहावी-सातवीच्या पोरांनी हातानं काम शिकावं, हे आता सरकारी धोरणच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. या दिवसांत सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडून शिकायचं. अटल टिंकरिंग लॅबही सहावीपासूनच. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा ५० हजार लॅब सरकारी शाळांत उभारण्याची घोषणा झाली.

चांगली गोष्ट आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमानं १९८३ पासून खेड्यातल्या पोरांना वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग शिकवून ते होऊ शकतं हे दाखवून दिलंय. पण लॅब आली म्हणून सुरक्षेची सवय आपोआप येत नाही.

धोका काय असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सोयाबीनच्या मळणीत ओढणी किंवा पदर अडकला की काय होतं, ते रेणापूर, पानगाव, खरोळ्याच्या शिवारात सगळ्यांना ठाऊक आहे. ड्रिल मशीनचंही तसंच. त्यावर सैल बाही, मोकळी वेणी, हातातला धागा, एवढंच काय, हातमोजेसुद्धा नकोत. मोजा गुंतला की बोट ओढलं जातं.

सोल्डरिंगची सळई ३०० अंशांच्या वर तापते. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर लगेच काही कळत नाही, काही तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे लाईट. लाईट गेली, बटण चालूच राहिलं, अन् अर्ध्या तासानं लाईट आली की मशीन एकदम सुरू होते. म्हणून लाईट जाताच आधी बटण बंद करायचं, हा पहिला धडा.

भाजलं तर हळद, टूथपेस्ट लावू नका. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा आणि जास्त भाजलं असेल तर १०८ ला फोन लावा.

मग पालकांनी काय करायचं? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. म्हणजे विचारायचा हक्क आपलाच. पुढच्या बैठकीत एवढं विचारा :

– अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारं स्विच आहे का?
– प्रत्येक पोराला डोळ्याचा चष्मा मिळतो का?
– मुख्य बटण कुठं आहे, हे पोरांना माहीत आहे का?
– मशीन चालू असताना शिक्षक तिथंच उभे असतात का?
– प्रथमोपचार पेटी भरलेली आहे का?

उत्तर 'नाही' आलं तर लॅब बंद करायची मागणी करू नका. कुलूप लावलेल्या खोलीत पोरं काहीच शिकत नाहीत. आधी चष्मे आणि अर्थिंग, मग मशीन, एवढाच क्रम धरा. आज शाळेत लागलेली सवय उद्या तेच पोर मळणी यंत्रावर आणि मोटारीच्या स्टार्टरपाशी वापरणार आहे.