देवाने सांगितलं, पण आईला कोणी सांगितलं?

तरुण संघाच्या सभेत साक्ष द्यायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मी खूप प्रार्थना केली, मनाला शांती मिळाली आणि प्रभूने मार्ग दाखवला." टाळ्या. पुढचं गीत. नोकरी सोडली, लग्न ठरलं, फ्लॅट बुक केला, परदेशी निघालो... सगळ्याला हेच वाक्य. मीही ते म्हटलंय, चांगलं माइक हातात धरून. त्यामुळे आज त्याच्यावर तुटून पडायचा मला थोडा तरी हक्क आहे असं समजतो.

झालं असं. चार वर्षांपूर्वी कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. पप्पांची बायपास होऊन जेमतेम चार महिने झाले होते. घर राहुरीजवळ, मी पुण्यात, धाकटी बहीण बारावीला. मी काय केलं? एक्सेल शीट उघडली. पगार, बचत, अनुभव, पुढचं प्रमोशन, सगळ्याला मार्क दिले आणि बेरीज मारली. उत्तर आलं, जा. मग आठवडाभर प्रार्थना केली. शांती मिळाली. (मिळणारच की! शीट आधीच सेव्ह केली होती.) होकार कळवून टाकला आणि शनिवारी घरी जाऊन ही आनंदाची बातमी दिली. मम्मी भाकरी करत होती. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "देवानं तुला सांगितलं, बरं झालं. आम्हाला सांगायला त्याला सवड नाही मिळाली का?"

मी गेलो. बहिणीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. पप्पांजवळ कुणीतरी हवं म्हणून तिने नगरला बी.एस्सी. घेतली. ती कधी बोलून दाखवत नाही. पण माझ्या एक्सेलमध्ये तिच्या नावाचा कॉलम नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्या प्रार्थनेतही नव्हता.

तर मुद्दा असा. शहाणा निर्णय बुद्धीने घ्यावा, भावनेने घ्यावा की श्रद्धेने, यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. मला हा वादच चुकीचा वाटतो. तिघींचंही ऐकून माणूस वाईट निर्णय घेऊ शकतो, कारण त्या तिन्ही त्याच्याच असतात. माझी बुद्धी, माझी भावना, माझी श्रद्धा. किंमत मात्र बऱ्याचदा दुसराच मोजतो. आणि माझ्या मते श्रद्धेचं खरं काम आयतं उत्तर देणं हे नाहीच. त्या दुसऱ्या माणसाकडे आपली मान वळवणं, हे तिचं काम आहे.

आता जरा जपून बोलावं लागेल, कारण विषय आमच्या नगरच्या (सरकारदरबारी आता अहिल्यानगर) दैवताचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, कवी टिळक. नगरकर ख्रिस्ती घरात त्यांचं धर्मांतर म्हणजे निर्णय कसा असावा याचा नमुना म्हणून सांगितलं जातं. आणि ते खोटंही नाही. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला, तो त्यांनी वाचला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडखळले, पुढे जवळजवळ दोन वर्षं वाचत आणि झगडत राहिले. म्हणजे बुद्धी होती. कवीच होते, तेव्हा भावना किती होती ते वेगळं सांगायला नको. श्रद्धाही होती. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

तिन्ही हजर होत्या. हजर नव्हत्या त्या फक्त लक्ष्मीबाई. नवऱ्याचा कल कुठे आहे याची कुणकुण घरात होती, पण तो दिवस टिळकांनी एकट्याने ठरवला आणि बायकोला कळलं ते नंतर. पदरात लहानगा दत्तू. त्या काळातली ब्राह्मण घरची बाई, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं आहे. हसतखेळत लिहिलंय म्हणून आपण हसून पुढे जातो इतकंच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ज्या युजरला सिस्टीम रोज वापरायची, तिला न दाखवताच ती प्रॉडक्शनला गेली!

यावर ठरलेला बचाव मला माहीत आहे. आधी सांगितलं असतं तर नातेवाइकांनी अडवलं असतं, डांबून ठेवलं असतं. असेलही. त्या काळी असं व्हायचं. टिळक चुकलेच असा निकाल सव्वाशे वर्षांनंतर पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून मी देणार नाही. माझी तक्रार आपल्या सांगण्याबद्दल आहे. आपण गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंची ती वर्षं 'प्रभूची योजना' या खात्यावर टाकतो आणि मोकळे होतो. किंमत पडली, ती तिच्यावर पडली, तिला न विचारता पडली, एवढं तरी साक्षीत म्हणा ना. येशूनेच सांगितलंय की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. खर्च दुसऱ्याच्या खिशातून होणार असेल तर हिशेब नको असं तो कुठेही म्हणालेला नाही.

आणि गंमत बघा. शहाण्या निर्णयाचा नमुनाच हवा असेल तर तो त्याच घरात आहे. तो लक्ष्मीबाईंचा. शाळा न पाहिलेली बाई, अक्षरओळख लग्नानंतर झालेली. त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण धर्म बदलून नव्हे. आपलं सोवळं सांभाळून राहिल्या. टिळकांनीही बळजबरी केली नाही, हे त्यांचं मोठेपण. मग एके दिवशी त्या स्वतःच विचार करत बसल्या की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांत दिसतो तसा फरक माणसांत दिसला असता. दिसत तर नाही. ठरलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं. अगोदर जात गेली, बाप्तिस्मा त्यानंतर. जे पटलं तेवढंच पाऊल, आणि प्रत्येक पावलाची किंमत स्वतःच्या अंगावर. शिवाय पुढे हे सगळं लिहून ठेवलं, स्वतःच्या फजितीसकट.

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश होऊ नका. ऑफिसातले माझे मित्र म्हणतात, "भावना, देव वगैरे बाजूला ठेव, डेटा बघ." मेंदूशास्त्रज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी 1994 च्या पुस्तकात त्यांच्या एका रुग्णाची हकिगत दिलीय. ट्यूमर काढताना मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली. बुद्धीच्या चाचण्यांत पठ्ठ्या अगदी व्यवस्थित, पण भावना जवळपास विझलेल्या. परिणाम? साधे साधे निर्णय घेता येईनात, नोकरी गेली, संसार मोडला. म्हणजे भावना हा बुद्धीतला बग नव्हे. कशाला किती महत्त्व द्यायचं ते तीच सांगते. माझ्या शीटमधले मार्क तरी कुणी दिले होते? माझ्याच हौसेने! डेटाचं फक्त नाव.

आणि "प्रार्थना केली, विषय संपला" म्हणणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15 पुन्हा वाचावा. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना मोशेचं नियमशास्त्र लावायचं की नाही, यावर यरुशलेमात केवढा वाद झाला. पेत्राने अनुभव सांगितला, पौल आणि बर्णबाने घडलेलं सांगितलं, याकोबाने शास्त्र काढलं. चर्चेत मध्यवर्ती प्रश्न होता, त्या लोकांच्या मानेवर ओझं किती टाकायचं? एवढं झाल्यावर पत्र लिहिलं, आणि त्यात पवित्र आत्म्याच्या जोडीला 'आम्ही'सुद्धा लिहिलं. प्रेषितांनी वादविवाद टाळला नाही. आपण मात्र आठवडाभरात, एकट्याने, बंद खोलीत आत्म्याची सही घेऊन येतो.

खुद्द येशूला गेथशेमानेत शांती आधी मिळाली नव्हती. घाम, दुःख, प्याला टळावा अशी विनंती, सगळं झालं. मित्रांना त्याने सोबत जागं राहायला सांगितलं होतं. आणि किंमत त्याने स्वतः मोजली. ज्या शांतीची बिलं घरच्यांना जातात तिला शांती म्हणायचं की सोय, ते तुम्हीच ठरवा.

असो. कंपनीने यंदा पुन्हा विचारलंय. यावेळी शीट उघडण्याआधी नगरला गेलो. पप्पांनी ऐकून घेतलं, मम्मीने नेहमीप्रमाणे भाकरी वाढली. बहीण म्हणाली, "दादा, मला एम.एस्सी.ला पुण्याला यायचंय. तू गेलास तर इथं कोण?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. रात्री चौघांनी मिळून प्रार्थना केली आणि शांती वगैरे काही मिळाली नाही. बुधवारपर्यंत कळवायचंय.

तोवर एक विनंती. पुढच्या सभेत कुणी माइक घेऊन "प्रभूने मार्ग दाखवला" म्हणालं की टाळ्या जरूर वाजवा. मग चहाच्या वेळी त्याला हळूच बाजूला घ्या आणि विचारा, त्या मार्गावर अजून कोणाकोणाला चालावं लागणार आहे, आणि त्यांना तू कधी सांगितलंस? आधी, की नंतर?