चाळिशी आणि चांदमारी

मराठी भाषेने वयाला आणि चष्म्याला एकच शब्द देऊन टाकला आहे: चाळिशी. चाळिशी आली म्हणजे वय झाले, आणि चाळिशी लागली म्हणजे नाकावर भिंगे चढली. या एका शब्दात आपण निकालही देऊन मोकळे झालो आहोत. चष्मा आला, आता नेम संपला! मला हा निकाल मान्य नाही. ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा तोंडात असलेल्या वाचकापुढे ही फिर्याद मांडणे जरा अवघड आहे खरे. पण बाहेर अंगणात पोरे टिकल्यांची पिस्तुले उडवीत आहेतच, तेव्हा विषय अगदीच अप्रस्तुत नव्हे.

जुन्या लष्करी रायफली घेऊन निशाणे मारण्याचा छंद पश्चिमेकडे चांगला रुजला आहे. इंग्लंडात बिस्ले येथे, अमेरिकेत ओहायोमधील कँप पेरीवर, आणि स्वित्झर्लंडात तर जवळजवळ गावोगाव तो चालतो. १९०७ सालच्या नमुन्याची ली-एन्फील्ड, १९०३ ची स्प्रिंगफील्ड, १९३१ ची स्विस काराबिनर अशा आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाच्या या बंदुका. आपल्याकडे पॉइंट तीन-शून्य-तीन ही नागरिकाला निषिद्ध बोअर आहे, म्हणून हा छंद आपल्या दारी आला नाही. पण ती रायफल मात्र घरचीच. ती इशापूरच्या कारखान्यात घडली, पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या मिरवली, आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

या छंदात केस पिकलेली माणसे पुष्कळ. वेळ त्यांच्याजवळ आहे, पैसा आहे, इतिहासाची ओढ आहे. नाहीत ते फक्त विशीतले डोळे. आणि भांडण नेमके तेथेच आहे.

आधी डोळ्याचा हिशेब पाहू. अशा रायफलीवर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक माशी. खाच, माशी आणि निशाण ही तिन्ही एका रेषेत आणायची. पण ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट पाहणे कोणाही मर्त्य डोळ्याला शक्य नाही. तरुण डोळा फसवतो इतकेच. तो भराभर एकीवरून दुसरीवर उडी मारतो आणि सगळे एकदम दिसते असा भास होतो. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठ होत जाते. दहा वर्षांचे पोर वीतभरापेक्षाही जवळचे अक्षर सहज वाचते. साठीच्या माणसाला चाळिशीवाचून वाचायचे तर पुस्तक जवळजवळ मीटरभर लांब धरावे लागते, आणि तेवढा लांब हात परमेश्वराने कोणालाच दिलेला नाही. माशीही डोळ्यापासून साधारण मीटरभरच दूर. म्हणजे ती नेमकी सीमेवर येऊन धूसर होते, खाच त्याहून धूसर.

येथे मला अर्जुनाची गोष्ट आडवी येते. पक्ष्याचा डोळा दिसतो, बाकी काही दिसत नाही, हे त्याचे उत्तर आम्ही मास्तर लोक वर्गात किती कौतुकाने सांगतो! धनुष्याचे मला ठाऊक नाही. पण रायफलीच्या चांदमारीत हे उत्तर देणारा पोरगा नापास व्हावा. एन.सी.सी.ची पोरे पॉइंट दोन-दोनने पहिल्यांदा निशाण मारायला उताणी नव्हे, पालथी पडतात तेव्हा उस्ताद त्यांना हेच घोकून घेतो: नजर माशीवर. तक्ता जरा अंधुक दिसला तरी चालेल. माशी अंधुक झाली की गोळी कुठेही जाईल.

आता त्या दोन पक्षांकडे वळतो. पहिला पक्ष सोवळ्यांचा. यांचे म्हणणे असे की, जुनी रायफल ही जशी सैनिकाच्या हाती आली तशीच चालवली पाहिजे. चष्म्यावर छिद्राची चकती लावणे, खास नंबरची भिंगे करून आणणे, हा सगळा बाट आहे. मी या सज्जनांना एकच विचारतो. १९१४ साली ती रायफल कोणाच्या हाती आली होती? बहुतेक विशी-पंचविशीतल्या पोरांच्या. तिची खाच अन् माशी त्या डोळ्यांच्या मापाने घडवली गेली. रायफल जशी आली तशी हवी, तर डोळेही जसे आले तसे नकोत काय? पन्नाशीचा डोळा घेऊन तीवर बसणे हाच मुळात फेरफार आहे, आणि चष्मा तो फेरफार दूर करतो. शिवाय चष्मा माणसाच्या नाकावर असतो. रायफलीच्या लाकडालोखंडाला त्याचा स्पर्शही होत नाही.

दुसरा पक्ष दुर्बीणवाल्यांचा. डोळे गेले? मग लावा वर दुर्बीण! अमेरिकेत २०१६ पासून सर्व्हिस रायफलच्या स्पर्धांत साडेचार पटींपर्यंतच्या दुर्बिणीला मुभा मिळाली, आणि नव्या रायफलींपुरते ते ठीकच झाले. पण या मंडळींचा हात तेथे थांबत नाही. शंभर वर्षांच्या एन्फील्डला ड्रिलने भोके पाडून वर दुर्बीण ठोकायलाही ते कचरत नाहीत. हा मला वाड्याच्या सागवानी तुळईत खिळे मारण्याचा प्रकार वाटतो. दुर्बिणीत निशाण आणि काटा एकाच पातळीवर येतात, डोळ्याचे सारे कष्ट संपतात, आणि त्याबरोबर या खेळातली मौजही संपते. ज्याला तेच हवे त्याने नवी रायफल घ्यावी. तिला कोणी सोवळे नेसवलेले नाही.

हा वाद परदेशी हौशी लोकांचा म्हणून हसून सोडून दिला असता. पण माझ्या ओळखीत एक निवृत्त हवालदार आहेत. सारी नोकरी त्यांनी तीन-शून्य-तीनवर काढली. वर्षाच्या चांदमारीत त्यांचा तक्ता पाहायला लोक जमत. पन्नाशीच्या आसपास गोळ्या विखरू लागल्या, तेव्हा वरिष्ठांनी सर्वांदेखत म्हटले, “हवालदार, आता नातवंडे खेळवा.” त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोणी धाडले नाही. त्यांच्याही मनात ते आले नाही, कारण वय झाले हे उत्तर आधीच तयार होते. मला ती गोष्ट त्यांनी हसत सांगितली; त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. “तेव्हापासून यांनी पोरांच्या गोट्यांनासुद्धा हात लावला नाही, गुरुजी,” एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या शाळांतही फळा न दिसणारी पोरे अशीच वर्षानुवर्षे ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसली आहेत.

वयानेच नेम जातो म्हणणाऱ्यांनी स्वीडनचा ऑस्कर स्वान आठवावा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये साठीच्या या गृहस्थाने पळत्या हरणाच्या निशाणावर सुवर्णपदक घेतले, १९१२ मध्ये चौसष्टाव्या वर्षी पुन्हा घेतले, आणि १९२० साली अँटवर्पला बहात्तराव्या वर्षी संघाबरोबर रौप्य. आपल्याच देशात बागपतजवळच्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर आजींनी साठी उलटल्यावर प्रथम पिस्तूल हाती धरले. आणि जुन्यातलेच हवे असेल तर आमचे द्रोणाचार्य: पंच्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा रणात सोळा वर्षांच्या पोरासारखा वावरत होता, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे.

मात्र भिंगाने सर्व काही बरे होते असेही कोणी समजू नये. मोतीबिंदू उतरला असेल, डोळ्याचा पडदा बिघडला असेल, तर चष्मेवाला काही करू शकत नाही; तेथे डॉक्टरच. आणि निशाणामागे कोण उभे आहे हे ज्याला दिसत नाही त्याने बंदूक खाली ठेवावी, याबद्दल माझा कोणाशीच वाद नाही.

बाकीच्यांसाठी हिशेब मॅट्रिकच्या पुस्तकातल्या भिंगाइतकाच सोपा आहे. वाचण्याचा चष्मा येथे उपयोगाचा नाही. त्याच्या दोन नंबरच्या भिंगाने नजर अर्ध्या मीटरवर अडकते आणि तक्ता धुक्यात जातो. दूरच्या नंबरात फक्त अर्धा नंबर अधिक घालावा. नजर दोन मीटरवर बसते, आणि मीटरभरावरची माशी व दूरचा तक्ता यांच्या वाट्याला सारखाच, थोडाथोडा धूसरपणा येतो. तोही कमी करायचा तर चष्म्याच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून तिला दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडावे. बारीक छिद्रातून जवळचे आणि दूरचे दोन्ही निवळते. फक्त उजेड भरपूर हवा, म्हणून संध्याकाळी नव्हे, दिवसाउजेडी जावे. माशी चकाकत असेल तर तिला कापराची काजळी धरावी.

आणि चष्मेवाल्याकडे जाताना एक सुतळी न्यावी. रायफल खांद्याला लावून डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर तिच्यावर गाठ मारून मोजलेले असावे. तो तुम्हाला वाचायचा तक्ता दाखवील, मग दूरचा दाखवील. दोन्ही बाजूला सारून ती सुतळी त्याच्या टेबलावर ताणून धरायची आणि म्हणायचे, मला येथे दिसले पाहिजे. हवालदारांची सुतळी मी परवाच मोजली. एकोणचाळीस इंच भरली.