फाइल जागेवर, सूची विस्कटलेली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-सेवा थांबविली आणि असंख्य संगणकांना ‘विंडोज ११’ची वाट धरावी लागली. त्यानंतरची तक्रार मात्र जुनीच आहे : कालपर्यंत क्षणात सापडणारी फाइल आज शोधूनही मिळत नाही. उद्या सुनावणी असलेल्या वकिलाचे यात धाबे दणाणते.

फाइल बहुधा जागेवरच असते; विस्कटते ती तिची सूची. प्रणाली बदलल्यावर ही सूची अनेकदा नव्याने रचावी लागते आणि यंत्र बॅटरीवर असताना ते काम रेंगाळते. त्यामुळे लॅपटॉप चार्जरला जोडून काही तास जागा ठेवावा. तेवढ्याने न भागल्यास ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधील ‘रीबिल्ड’चा आधार घ्यावा.

खरी मेख पुढेच आहे. मुळातल्या ‘क्लासिक’ पद्धतीत सूची होते ती डॉक्युमेंट्स, चित्रे, संगीत व डेस्कटॉप यांचीच. आपल्याकडे महत्त्वाचे दस्तऐवज ‘डी’ ड्राइव्हवर ठेवण्याची (शहाणपणाची!) सवय आहे. तो ड्राइव्ह स्वतःहून यादीत घालावा लागतो, किंवा ‘एन्हान्स्ड’ पद्धत निवडावी लागते. ही मर्यादा सेटिंग्जच्या पोटात दडलेली. शोधाच्या चौकटीत तिचा उल्लेखही नसतो. घरातली फाइल न सापडणाऱ्या त्याच चौकटीत ‘बिंग’वरील संकेतस्थळे मात्र तत्परतेने हजर होतात.