हुकुमाची सिंधुबंदी

समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही समजूत इतिहासजमा होऊन बराच काळ लोटला. आज मुलगा परदेशी गेला की पेढे वाटले जातात. एका गोष्टीची सिंधुबंदी मात्र अजून उठलेली नाही : पोटगीच्या हुकुमाची. पुण्याच्या किंवा नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने दिलेला हुकूम घटस्फोटित पतीच्या मागोमाग स्वबळावर अमेरिकेत पोहोचत नाही. त्याच हुकुमाविरुद्धचे अपील मात्र अमेरिकेहून सहज येते. या विसंगतीकडे कायद्याचे आणि साहित्याचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आधी वस्तुस्थिती पाहू. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कुटुंब न्यायालयाने कायमची पोटगी ठरवली, तर तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते. फौजदारी संहितेच्या जुन्या कलम १२५ खालील (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील) हुकुमाविरुद्ध अपील नाही. तेथे पुनरीक्षण अर्जाची वाट आहे. दोन्ही वाटांसाठी परदेशस्थ पतीला विमानात बसण्याची गरज नाही. नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र आणि एक वकील एवढे पुरते. पत्नीचे काय? हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात पाठवण्याची सोय कायद्यात आहे, पण वॉरंट बजावायला माणूस हाताशी लागतो. पोटगीच्या परदेशातील वसुलीसाठी १९५६ साली न्यूयॉर्क येथे आणि २००७ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाले. भारत त्यांपैकी एकातही सहभागी नाही. म्हणजे तिने पुन्हा परक्या देशात, परक्या वकिलाकरवी, डॉलरमध्ये फी मोजून दाद मागायची. तीही दरमहाच्या काही हजार रुपयांसाठी.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले एक प्रकरण या संदर्भात बोलके आहे. पती अमेरिकेत, विवाह रद्द करून घेण्याची कारवाई त्याने तिथेच सुरू केली. पत्नीने भारतात दावा लावला. तो पोटगीचा नव्हे, नुकसानभरपाईचा होता, आणि २२ लाखांचा हुकूमनामा तिच्या बाजूने झाला. प्रतिपक्ष अपिलात गेला. उच्च न्यायालयाने केवळ एक लाख रुपये भरण्याच्या अटीवर अंमलबजावणी थांबवली. सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम तीन लाख केली आणि सरकारला काही सूचना केल्या : अशा पत्नीला पतीच्या इथल्या व परदेशातील मालमत्तेतून पोटगी मिळावी, आणि आपले हुकूमनामे परदेशात अमलात यावेत यासाठी परस्पर करार व्हावेत. २०१९ साली अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने सर्वंकष कायद्याची शिफारस केली. तीस वर्षांत सूचनेतून शिफारशीपर्यंत आपली मजल गेली!

अपिलाचा हक्कच काढून घ्यावा, असे येथे सुचवायचे नाही. परदेशातला पगार रुपयांत मोजला की डोळे दिपतात. तिथले घरभाडे, विमा, कर त्या आकड्यात दिसत नाहीत. नोकरी जाऊ शकते. न्यायालयाचा अंदाज चुकू शकतो. ज्याच्यावर हुकूम झाला त्याला वरच्या न्यायालयात बोलता आलेच पाहिजे. परंतु अपील दाखल झाले म्हणजे हुकूम आपोआप थांबला, असे दिवाणी प्रक्रिया संहिताही म्हणत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. तेव्हा स्थगिती देताना थकबाकीचा मोठा हिस्सा आधी भरून घ्यावा, तो पत्नीला लगेच उचलता यावा, आणि अपीलकर्त्याने मिळकतीचे पूर्ण विवरण द्यावे. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी असे प्रतिज्ञापत्र द्यावे, हे नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलेच आहे. ज्याला आपल्या न्यायालयाचा आधार हवा, त्याने त्याच न्यायालयाच्या कक्षेत काही ठेवावे, यात अन्याय तो कोणता?

आता आपल्या क्षेत्राविषयी. परदेशगमनाची व्यथा मराठीने मांडली ती मुख्यत्वे मागे राहिलेल्या आईवडिलांच्या बाजूने. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आपण आजही शिकवतो आणि त्यातील एकाकीपण विद्यार्थ्यांना जाणवते. पण मागे आणखीही एक माणूस राहिलेले असते. हातात हुकूम, पदरी मूल आणि पुढच्या तारखेचा कागद घेऊन बसलेली ही स्त्री आपल्या कथा-कादंबऱ्यांत क्वचितच भेटते. तिची वाट पाहणे मायेचे नसून हक्काचे आहे, म्हणून कदाचित ते आपल्याला करुण वाटत नसावे. 'पोटगी' या शब्दातच पोट आहे. त्यामुळे देणाऱ्याला ते दान वाटते आणि ऐकणाऱ्याला याचना. वास्तविक ते देणे आहे. आणि देण्याला मुदत असते. पोट अपिलाच्या निकालापर्यंत थांबत नाही.