नाव जागेवरून की ओळखीवरून?

कुवेतमध्ये आपण घराचा पत्ता सांगतो तो एरिया, ब्लॉक, रस्ता, इमारत असा. 'आज सकाळी जो आधी उठला तो घर नंबर एक' असं कोणी सांगत नाही. लिनक्सवर मात्र अनेक वर्षं तसंच चालायचं. ज्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधी जागा होईल ते 'ईटीएच0', पुढचं 'ईटीएच1'.

प्रयोगशाळेतल्या संगणकाचं एक कार्ड इंटरनेटला आणि दुसरं उपकरणाला जोडलेलं असतं. रीस्टार्टनंतर ही नावं उलटली, तर फायरवॉलचे नियम भलत्याच तारेला लागतात.

2013 मध्ये सिस्टिमडीच्या 197व्या आवृत्तीने जागेवरून नावं द्यायला सुरुवात केली. 'ईएनपी3एस0' म्हणजे इथरनेट, पीसीआय बस 3, स्लॉट 0. नाव बोजड वाटतं म्हणून बरेच जण ही सोय बंद करतात. तसं करू नका.

अर्थात, नवीन कार्ड बसवलं की बसचे आकडे कधीकधी सरकतात आणि नावही बदलतं. म्हणून दोन कार्डं असतील तिथे 'लिंक' फाइल लिहून मॅक अ‍ॅड्रेसला 'लॅब0' असं आपलं नाव द्या. 'ईटीएच0' मात्र नको, कारण ते कर्नलही वाटतो. उद्या कार्ड बदललं, तर फक्त एक ओळ बदलावी लागेल.